इंटरसेप्टर ६५० पडली, उजवा सायलेन्सर चेपला: कंपनीचा, सेकंडहँड की आफ्टरमार्केट?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. माझी रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५० २०२१ची आहे, क्रोम सायलेन्सरवाली. ताम्हिणी उतरून माणगावकडे जाताना एका वळणावर डिझेल सांडलेलं होतं. मागचं चाक सरकलं आणि गाडी उजव्या अंगावर घसरत गेली. जॅकेट आणि बुटांमुळे मी धडधाकट आहे, गुडघा तेवढा खरचटला.

गाडीची अवस्था अशी. उजवा सायलेन्सर मधोमध चेपलाय, मागचं तोंड किंचित आत वळलंय, वीतभर क्रोम खरवडलंय. ब्रेक पेडल वाकलंय, पुढचा उजवा फूटरेस्ट मागे गेलाय. इंजिन चालू होतं, पण रेस सोडली की फटाके वाजतात, जे आधी कधीच वाजत नव्हते. शिवाय वेग वाढला की कुठूनतरी खुळखुळ ऐकू येते.

गॅरेजवाल्यांचं म्हणणं, एक सायलेन्सर बदलत बसू नका, दोन्ही काढून आफ्टरमार्केट, म्हणजे बाहेरच्या कंपनीची, जोडी टाका. मला गाडी लांबच्या प्रवासाला वापरायची असते, बरोबर सामानही असतं. आवाज वाढवायची हौस नाही, पण चांगली वस्तू मिळत असेल तर ऐकून घ्यायची तयारी आहे. तुम्ही काय कराल?

सर्व्हेची_वही
ताई, तब्येत ठीक आहे हे महत्त्वाचं. आता एक विनंती, पाना लावायच्या आधी विमा कंपनीला कळवा. तुमची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी नसून ओन डॅमेजसकट (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसकट) असेल तर क्लेम होऊ शकतो. पण सर्व्हेअरने पाहण्याआधी भाग सुटे केले तर नुकसान याच अपघातातलं आहे की आधीचं, यावर वाद निघतो. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, ओडोमीटरचाही एक काढा.

हिशेबाचं सांगतो. झीरो डेप (घसारा न कापणारं जादा संरक्षण) नसेल तर धातूच्या भागांवर वयाप्रमाणे घसारा कापतात. गाडी तीन ते चार वर्षांची असेल तर २५ टक्के, चार ते पाच असेल तर ३५ टक्के, पाचच्या पुढे दहापर्यंत ४० टक्के. रबर आणि प्लास्टिकवर सरसकट ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही. दुचाकीला सक्तीची वजावट फक्त १०० रुपये.

बरेच जण नो क्लेम बोनस जाईल म्हणून क्लेमच करत नाहीत. तो बोनस फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीच्या हप्त्यावर नाही. ३५० सीसीच्या वरच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता जून २०२२च्या दरांनुसार २,८०४ रुपये, त्यात बोनसचा काहीच संबंध नाही. तुमच्या पॉलिसीवर ओन डॅमेजचा आकडा वेगळा छापलेला असतो. त्याच्या किती टक्के बोनस जाणार ते काढा आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाशेजारी ठेवा. एका सायलेन्सरसाठी कदाचित परवडणार नाही, पण पेडल, फूटरेस्ट, ब्रॅकेट सगळं धरलं तर बहुतेक वेळा क्लेमच फायद्याचा ठरतो.

थंपर६५०
मी माझ्या कॉन्टिनेंटल जीटी ६५०ला, म्हणजे याच इंजिनाच्या गाडीला, स्लिप-ऑन (फक्त शेवटचे डबे बदलायचे आफ्टरमार्केट सायलेन्सर) लावलेत, अनुभव उत्तम. कंपनीचे दोन सायलेन्सर जड आहेत, ते काढले की गाडी हातात हलकी लागते. २७० अंशांच्या क्रँकमुळे या इंजिनाचा ठेका मुळातच सुंदर आहे, कंपनीच्या डब्यात तो दबून जातो. डीबी किलर (आवाज कमी करणारी तोंडातली नळी) आत ठेवून वापरलं तर शेजारीपाजारीही तक्रार करत नाहीत. नाहीतरी एक गेलाच आहे, तर संधी सोडू नका.

पानाबारा
कोल्हापुरात उद्यमनगरात माझं गॅरेज आहे. कुठला सायलेन्सर घ्यायचा हे मागनं बघूया. आधी तो ज्याला टांगायचा ते सरळ आहे का बघा.

या गाडीत सायलेन्सर पुढं बेंड पाइपला (इंजिनातनं येणाऱ्या वाकड्या नळीला) क्लॅम्पनं बसतो आणि मागं मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला बोल्टनं. गाडी त्या अंगावर पडली की डबा चेपतो हे डोळ्याला दिसतं. पण तोच धक्का ब्रॅकेटला जातो आणि पुढं बेंड पाइपमधनं इंजिनाच्या हेडवरच्या स्टडला (पाइप धरणाऱ्या बोल्टला) जातो. ते डोळ्याला दिसत नाही. वाकलेल्या ब्रॅकेटला नवा सायलेन्सर ओढून बसवला तर बोल्ट लागतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं, आणि काही महिन्यांनी सायलेन्सरच्या पट्टीच्या वेल्डिंगला चीर घेऊन परत येतं. असं पुष्कळ बघितलंय.

ट्विन, म्हणजे दोन सिलिंडर आणि दोन सायलेन्सरच्या, गाडीचा फायदा घ्या. डावी बाजू शाबूत आहे, तेच तुमचं माप. गाडी सपाट फरशीवर डबल स्टँडला लावा, इंजिन गार पाहिजे. टेप घ्या. मागच्या ॲक्सलच्या टोकापासनं सायलेन्सरपर्यंतचं अंतर दोन्हीकडं मोजा. जमिनीपासनं तोंडाची उंची मोजा. स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि डबा यातली फट मोजा. मग सर्व्हे झाल्यावर उजव्या सायलेन्सरचा मागचा बोल्ट काढा आणि क्लॅम्प ढिला करा. हात न लावता भोकासमोर भोक राहतं का बघा. झटका मारून बाजूला सरकलं तर ब्रॅकेट नाहीतर बेंड पाइप वाकलाय.

फटाक्यांचं कारण बहुतेक गळती. रेस सोडल्यावर पाइपात क्षणभर ओढ तयार होते, फटीतनं बाहेरची हवा आत जाते, न जळालेलं पेट्रोल तिथंच पेटतं. फट सेन्सरच्या आधी असली तर ऑक्सिजन सेन्सरलाही खोटं चित्र दिसतं आणि ईसीयू (पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा इंजिनाचा संगणक) नको तिथं पेट्रोल वाढवतं. गार इंजिन चालू करून जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे येतात का बघा. मग ओला जाड कपडा घेऊन दोन्ही तोंडं एकदम दाबा. दोन्ही म्हणतोय, कारण दोन बेंड पाइपांना जोडणारी नळी मधे आहे, एक तोंड दाबून काही कळत नाही. सगळं घट्ट असेल तर इंजिन गुदमरून बंद पडतं. फुस्स आवाज आला तर तिथं गळती. कपडा जाड घ्या आणि इंजिन तापायच्या आत आटपा.

आरएक्सवाले_काका
वर पानाबारांनी सांगितलं त्यात मला एकच भर घालायची आहे. कोणीतरी येऊन सांगेल की चेप काढून मिळतो. आमच्या आरएक्स १००च्या जमान्यात एक्स्पान्शन चेंबरचे चेप काढायचो. दोन्ही तोंडं बंद करून आत हवेचा दाब द्यायचा, बाहेरून गॅसने तापवायचं, पत्रा आपोआप वर यायचा. ते जमायचं कारण तो एका पत्र्याचा पोकळ डबा होता. तुमच्या सायलेन्सरला बाहेर एक कवच, आत वेगळी नळी, जाळ्या आणि खोल्या आहेत. आतलं वेल्डिंग तुटलं असेल तर बाहेरचा चेप काढून उपयोग नाही. खुळखुळ येतेय म्हणजे आत काहीतरी सुटलंय असं मला वाटतं. डबा काढल्यावर रबरी हातोडीने हलके ठोकून आणि हलवून पाहा.

नुसता वरवर चेप असता, आत काही वाजत नसतं आणि गळती नसती, तर मी सांगितलं असतं की आहे तसाच वापरा. बाहेरच्या कवचाला पडलेल्या खोलगट चेपाने इंजिनाला फरक पडत नाही. फक्त खालचं पाणी निथळायचं बारीक भोक बुजलं नाही ना ते पाहायचं. थंड इंजिनात ओलावा साचतो, तो बाहेर पडला नाही तर डबा आतून कुजतो.

पुन्हा क्रोम करून घ्यायचा विचारही सोडा. वापरलेल्या सायलेन्सरमधला कार्बन टाकीतलं द्रावण खराब करतो, म्हणून बहुतेक प्लेटिंगवाले तो हातातच घेत नाहीत.

वकिली_चाकं
थंपरभाऊ, आवाज आवडणं समजू शकतो, पण कायदा काय म्हणतो तेही धाग्यात असू द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते अगदी स्पष्ट केलं. मालकाने असा बदल केला तर कलम १८२अ(४)प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही. आवाज आणि प्रदूषणाचं मानक मोडलं तर कलम १९०(२), पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने बाद. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला निर्मितीच्या टप्प्यावर ८० डेसिबलची मर्यादा आहे आणि कंपनीचा सायलेन्सर त्या चाचणीतून गेलेला असतो. जप्त केलेल्या सायलेन्सरवर पुण्यामुंबईत पोलिसांनी रोलर फिरवलेले फोटो सगळ्यांनी पाहिलेत.

ताई सामान बांधून लांब जातात. प्रत्येक नाक्यावर आपली बाजू समजावत बसण्याची वेळ त्यांच्यावर का यावी?

थंपर६५०
साहेब, माझ्या सायलेन्सरवर ई-मार्क आहे. म्हणजे युरोपात तपासलेला आहे. घरी बनवलेली पुंगळी नाही.

लेस्टरचा_मावळा
मी इंग्लंडात लेस्टरला असतो. रॉयल एनफिल्डचं तंत्रज्ञान केंद्र ब्रंटिंगथॉर्पला आहे, इथून जवळच. तुमच्या ६५०च्या इंजिनावर तिथे आणि चेन्नईत मिळून काम झालं, त्यामुळे या गाडीबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे.

ई-मार्कबद्दल सांगतो. इथे एमओटीला (गाडीच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीला) सायलेन्सरवरचा शिक्का पाहतात. ई-मार्क किंवा ब्रिटिश मानकाचा शिक्का असला तर ठीक, 'रस्त्यावर वापरासाठी नाही' असं कोरलेलं असेल तर गाडी नापास. पण तो शिक्का ज्या मॉडेलसाठी मिळालाय त्याच मॉडेलवर आणि डीबी किलर आत असतानाच खरा. बाजारात नुसता कोरलेला 'ई' पुष्कळ मिळतो. त्यात 'ई'च्या शेजारी देशाचा आकडा आणि पुढे मंजुरी क्रमांक नसेल तर ती नुसती नक्षी समजा.

वकिली_चाकं
बरोबर. आणि खरा असला तरी ती युरोपची मंजुरी. भारतात गाडीला मंजुरी मिळते ती पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थांच्या चाचणीवर, तीही त्या मूळ सायलेन्सरसकट.

खारं_वारं
मालवणहून लिहितोय. धातूबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो, कारण आमच्याकडे खाऱ्या हवेत खोटी वस्तू पहिल्याच पावसाळ्यात उघडी पडते.

स्वस्त आफ्टरमार्केट डब्यावर ३०४ स्टेनलेस लिहिलेलं असतं आणि आत २०२ निघतं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो की बघा, चिकटत नाही. पण ३०४ असो की २०२, चुंबक दोन्हीला चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षाच नाही. उलट कंपन्या सायलेन्सरला बऱ्याचदा ४०९ वापरतात, त्याला चुंबक चिकटतं आणि तरी ते सायलेन्सरसाठी योग्य स्टील आहे. २०२मध्ये निकेल कमी, मॅंगनीज जास्त. दिसायला चकचकीत, पण मिठाच्या हवेत वेल्डिंगच्या रेषेवर तांबूस डाग लवकर धरतं. बिल देणारा आणि ग्रेड लिहून देणारा विक्रेता नसेल तर मी तरी घेणार नाही.

दुसरा प्रश्न आतल्या लोकरीचा. बरेच आफ्टरमार्केट डबे काचतंतूंच्या लोकरीने भरलेले असतात. ती लोकर जळत आणि उडत जाते, मग डबा वर्षागणिक जास्त ओरडतो आणि पुन्हा भरून घ्यावा लागतो. कंपनीच्या खोल्यांच्या रचनेत ती भानगड नाही.

आणि ताई, तुमच्यासाठी सगळ्यात सरळ वाट कोणी बोललंच नाही. थंपरभाऊंसारखे शेकडो जण नव्या गाडीचे मूळ सायलेन्सर काढून माळ्यावर टाकतात. त्यातले बरेच विकायला येतात, काही तर जेमतेम वापरलेले. एनफिल्डवाल्यांच्या ग्रुपवर विचारा, पुण्यात नाना पेठेत विचारा, मुंबईत कुर्ल्याला सीएसटी रोडवर फिरा. क्लेम करणार नसाल तर नव्याच्या निम्म्याहून कमी पैशांत काम होईल असा माझा अंदाज.

घाटमाथा
सगळ्यांचे मनापासून आभार. सर्व्हेअर येऊन गेले, त्यानंतर पानाबारादादांनी सांगितलं तसं मोजलं. उजव्या डब्याची आणि स्विंगआर्मची फट डाव्यापेक्षा बोटभर कमी आहे. बोल्ट काढल्यावर डबा टणकन बाहेर सरकला. क्लॅम्पच्या जोडावर काळी काजळी आहे, फुस्स आवाज तिथूनच येतो. सायलेन्सर हातात घेऊन हलवला तर आत काहीतरी सुटं वाजतंय, काकांचा अंदाज बरोबर निघाला. बेंड पाइप डाव्याशी ताडून पाहिला, वाकलेला दिसत नाही. स्टडही शाबूत आहेत.

ओन डॅमेजचा आकडा पाहिला, बोनस जाऊनही क्लेम परवडतोय. तर आता प्रश्न सोपा झाला, विम्यातून कंपनीचाच उजवा. पण एक शंका आहे. नवा उजवा आणि जुना डावा शेजारी शेजारी विजोड दिसतील का? आणि थंपरभाऊ म्हणतात तसं वजन कमी करायचा मोह अजून थोडा आहे, खोटं कशाला बोलू.

सर्व्हेची_वही
क्लेममध्ये जो भाग बदलायचा तो मूळचाच धरला जातो, त्यामुळे आफ्टरमार्केट जोडीचा खर्च त्यात बसणार नाही. पुढे कधी बदल केलात आणि कंपनीला कळवला नाहीत तर पुढच्या क्लेमच्या वेळी त्यावर बोट ठेवलं जाऊ शकतं. अंदाजपत्रकात ब्रॅकेट, क्लॅम्प आणि गॅस्केट वेगवेगळं लिहून घ्या. गॅस्केट आणि बोल्ट हे कन्झ्युमेबल्स (एकदाच वापरायच्या किरकोळ वस्तू) म्हणून कापले जाऊ शकतात, तेवढा खर्च खिशातून धरा. जुना सायलेन्सर वर्कशॉपमधून घाईने उचलू नका, क्लेम मंजूर होईपर्यंत तो तिथेच असू द्या.

पानाबारा
ऑर्डर देताना चासी नंबर सांगा. डावा आणि उजवा वेगळे आहेत, पट्टी आतल्या अंगाला असते, एकाचा दुसऱ्याला बसत नाही. २०२३पासनं काळ्या सायलेन्सरच्या इंटरसेप्टर आल्यात, काउंटरवर चुकून काळा बांधून देतील. खोकं तिथंच उघडा.

विजोड दिसायचं म्हणाल तर नवा थोडा जास्त चमकेल. डावा क्रोम पॉलिशनं घासून घ्या. बेंड पाइपजवळचा निळसर-सोनेरी रंग नव्यालाही तापून येईलच.

वजनाचा मोह. ताई, सामान लादून जाताय. बॅगेची स्टे (बॅग टांगायची लोखंडी चौकट) आणि सायलेन्सर यातलं अंतर कंपनीच्या डब्याच्या मापावर ठरलेलं असतं. दुसरा डबा बसवला की तोंडाचा कोन बदलतो, गरम हवा बॅगेच्या तळाला लागते. वितळलेल्या बॅगा माझ्याकडं आल्यात. वजनच कमी करायचं तर आधी बॅगेतलं करा.

थंपर६५०
बॅगेचा मुद्दा मान्य, मी सामान घेऊन जात नाही म्हणून तो माझ्या लक्षात आला नाही. एक विचारतो, पुढे कधी ताईंना स्लिप-ऑन घ्यावंसं वाटलंच तर रिमॅप (ईसीयूची पेट्रोलची मापं नव्याने बसवणं) लागतो का? मला गॅरेजमध्ये लागतो म्हणून सांगितलं होतं.

पानाबारा
सेन्सर आणि कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) दोन्ही जागेवर राहिले आणि फक्त शेवटचा डबा बदलला तर ईसीयू आपलं आपण सांभाळतं. बेंड पाइपसकट पूर्ण सिस्टीम बदलली आणि कॅट काढला तर मिश्रण बिघडतं, मग रिमॅप लागतो, पीयूसीला सीओचा आकडा वर जातो आणि घाटात धुराचा वास मागच्याच्या नाकात. कॅट काढून द्यायचं काम मी घेत नाही. ज्या हवेत आपली पोरं शाळेला चालत जातात ती खराब करायची नाही.

आरएक्सवाले_काका
शाब्बास.

घाटमाथा
ठरलं. उजवा सायलेन्सर, ब्रॅकेट, पेडल आणि फूटरेस्ट कंपनीचे, ऑर्डर गेली. मोह मिटला, बॅगेच्या स्टेचं माप घेतल्यावर उरलाच नाही. आता बसवताना मी स्वतः समोर उभी राहणार आहे. कशावर लक्ष ठेवू?

पानाबारा
एक. आधी ब्रॅकेट बदला, मगच सायलेन्सर. जुनं ब्रॅकेट ठोकून सरळ करतो म्हणाले तर नको म्हणा, त्याचे पैसे क्लेममधनं मिळतायत. ॲल्युमिनियमचं असलं तर ठोकून सरळ झालेलं दिसतं आणि आत चीर राहते.

दोन. जोडावरचं गॅस्केट नवं. जुनं एकदा दाबलं गेलं की परत धरत नाही.

तीन. सगळे बोल्ट आधी नुसत्या हातानं. डबा आपसूक जागेवर बसला, डाव्याशी माप जुळलं, की मग पुढचा क्लॅम्प आवळायचा आणि शेवटी मागचा बोल्ट. उलट केलं तर ताण बेंड पाइपवर राहतो. टॉर्क रेंच (ठरल्या जोरानंच आवळणारा पाना) लावायला सांगा, लाजू नका.

चार. इंजिन चालू करायच्या आधी नवा डबा स्वच्छ फडक्यानं आणि थोड्या स्पिरिटनं पुसा. हाताचा घाम, ग्रीस, तेल राहिलं तर पहिल्याच तापण्यात बोटांचे ठसे क्रोमवर कायमचे जळून बसतात. मेकॅनिकच्या हातावर तेल असतंच, तेव्हा हे तुम्हीच करा.

पाच. मग परत कपड्यानं दोन्ही तोंडं दाबून गळती बघा. ब्रेक पेडल पूर्ण दाबून बघा, कुठं टेकत नाही ना आणि मागचा ब्रेक लाइट बरोबर लागतो ना. कुणाला तरी मागं बसवून सस्पेन्शन दाबायला लावा आणि स्विंगआर्मशी फट राहते का बघा.

खारं_वारं
आणि सर्व्हेअरची ना नसेल तर जुना सायलेन्सर भंगारात द्यायच्या आधी त्याची क्लॅम्पची पट्टी आणि रबरी बुश काढून ठेवा. प्रवासात सुटे म्हणून उपयोगी पडतात.

घाटमाथा
लिहून घेतलं सगळं. गाडी मिळाली की पहिली फेरी कुठली करू, लांबची चालेल?

पानाबारा
आधी मुळशीपर्यंत जाऊन या. गाडी पूर्ण गार होऊ द्या, मग क्लॅम्प आणि मागचा बोल्ट परत टॉर्कला तपासा. पहिल्या तापण्या-गार होण्यात गॅस्केट बसतं आणि बोल्ट थोडा ढिला पडतो. तो आवळला की खुशाल लडाखला जावा.